वाढत्या अंगाची रॅकेट

कुर्ल्यातल्या कुठल्याही दुकानात जाऊन टेनिस बॉल मागा. दुकानदार बरणीत हात घालता घालता विचारतो, ‘लाइट की हेवी? अंडरआर्मला पाहिजे की ओव्हरआर्मला?’ टेनिसला पाहिजे, असं उत्तर त्याला आजवर कुणी दिलेलं नसावं. चाळिशी ओलांडेपर्यंत मीही दिलं नव्हतं. बॉम्बे डकचा बदकाशी जेवढा संबंध, तेवढाच टेनिस बॉलचा टेनिसशी, अशा समजुतीत नेहरूनगरच्या म्हाडा वसाहतीत माझं सगळं बालपण गेलं, आणि त्यात काही कमी पडलं असंही नाही. तर अशा या माणसाने आपल्या घरातल्या दोन पोरांना टेनिस शिकवायचं ठरवलं. हसू नका. चहा घ्या, सांगतो.

झालं असं, की २०२५ च्या जुलैतला तो रविवार, विम्बल्डनच्या फायनलमध्ये सिनर आणि अल्काराझ खेळत होते, जुलै असल्यामुळे आमच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर कपडे वाळत होते, त्यातल्या एका ओल्या टॉवेलखालून मान काढून मी टीव्ही पाहत होतो, आणि माझी सात वर्षांची लेक आणि चुनाभट्टीहून दर रविवारी आमच्याकडे डबा खायला येणारा सहा वर्षांचा भाचा अशी दोघं एकाच मोबाइलमध्ये डोकी घालून बसली होती. समोर हिरव्यागार गवतावर पांढरेशुभ्र कपडे घातलेली दोन शहाणी मुलं. घरात ही दोन. मी भजं तोंडात टाकत म्हणालो, ‘असं काहीतरी खेळलं पाहिजे.’

‘कोणी?’ सौ.ने विचारलं.

त्या एका शब्दात धोक्याची सगळी सूचना होती. मला ती ऐकू आली नाही.

सोमवारी ऑफिसातून दोन-तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी महिन्याची फी सांगितली, ती मला वर्षाची वाटली आणि ‘स्वस्तच आहे की हो!’ असं मी बोलूनही गेलो. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, आईवडिलांपैकी कुणी टेनिस खेळलंय का? मी म्हणालो, ‘पाहिलंय.’ राज्य टेनिस संघटनेची कोर्टं कुपरेजला; तिथवर दोन पोरं, दोन वॉटरबॅगा आणि दोन बाथरूमच्या हाका घेऊन लोकलने जायचं आणि लोकलने यायचं, या कल्पनेनेच माझे पाय दुखायला लागले. तेव्हा ठरवलं, आपणच शिकवू. अनुभव अगदीच नव्हता असं नाही. १९९६ साली लिअँडर पेसने अटलांटात ब्राँझ पदक घेतलं, त्यानंतर आठवडाभर मी परीक्षेच्या पॅडने गॅलरीच्या भिंतीवर चेंडू मारत होतो. थांबलो तो पॅड फुटल्यामुळे. नाहीतर काय सांगावं.

शिवाय माझ्यापाशी सचिन होता. मिठी नदीच्या पलीकडे, वांद्र्याच्या साहित्य सहवासात, लहानपणी सचिन तेंडुलकरला जॉन मॅकेन्रोचं वेड लागलं होतं. केस वाढवलेले, कपाळाला पट्टी, मनगटाला पट्टी, आणि मित्रांनी आपल्याला मॅक म्हणावं असा हट्ट. पुढे थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कला आचरेकर सरांकडे घेऊन गेला आणि टेनिसची ती गाडी क्रिकेटच्या रुळावर गेली. मी म्हटलं, नदीच्या त्या काठावर एक पोरगा टेनिसवरून क्रिकेटकडे गेला, तर नदीच्या या काठावर दोन पोरं क्रिकेटवरून टेनिसकडे यायला काय हरकत आहे? हिशेब सोपा होता. माझे सगळे हिशेब सोपे असतात.

शनिवारी धोबीतलावला गेलो. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानदाराने मुलांची वयं विचारली आणि १९ इंची आणि २१ इंची अशा दोन पिटुकल्या रॅकेट्स काउंटरवर ठेवल्या.

‘मोठ्यांची केवढी असते?’

‘सत्तावीस.’

आता तुम्हीच सांगा. आमच्या घरात शाळेचा युनिफॉर्म चार बोटं लांब शिवतात, बुटांत पुढे कापूस कोंबतात, आणि मला स्वतःला पाचवीत घेतलेला रेनकोट दहावीपर्यंत पुरला, मात्र पाचवीच्या वर्षी त्यातून मला शोधून काढावं लागायचं. वाढत्या अंगाचं घ्यावं हा आमच्या घराण्याचा मूळमंत्र. मी म्हणालो, ‘दोन्ही सत्तावीसच्या द्या.’ दुकानदार बिचारा सज्जन माणूस. म्हणाला, ‘साहेब, पोरांची मनगटं दुखतील. बरं, निदान बॉल तरी हा घ्या. लहान मुलांचा असतो, हळू येतो, कमी उसळतो.’ अर्धा लाल, अर्धा पिवळा असा तो चेंडू मी दाबून पाहिला, तर ताज्या पावासारखा आत गेला. मला कळलं, हा जुना माल आपल्या गळ्यात मारतोय. मीही काय कच्चा आहे? चाळीस वर्षं कुर्ल्यात काढलीत. ‘याची हवा गेलीये,’ असं त्याला ठणकावलं आणि मोठ्या लोकांच्या चेंडूंचा तीनचा सीलबंद डबा घेतला.

सीएसएमटीला हार्बर पकडली. दोन रॅकेट्स मांडीवर उभ्या धरून खिडकीशी बसलो, तर मशीदला चढलेले एक गृहस्थ त्यांच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, ‘केवढ्याला पडली?’ मी आकडा सांगितला. त्यांचे डोळे विस्फारले. ‘एवढी? मग चार्जिंग किती वेळ टिकतं?’ मी समजावून सांगेपर्यंत समोरच्या बाकावरून कुणी म्हणालं की बॅटरीपेक्षा उदबत्ती बरी, त्यावर उभ्या असलेल्याने उदबत्तीने दमा होतो म्हणून सांगितलं, शिवडीला लिक्विडवाल्यांचा एक गट तयार झाला, वडाळ्याला कडुनिंबाचा पाला जाळणारे आजोबा चढले, आणि चुनाभट्टीला दारात लटकलेला एक तरुण आत वाकून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, खरोखरच्या कळकळीने म्हणाला, ‘काका, परत करून या. एवढ्या मोठ्या भोकांतून डास निसटणार.’

मी कुर्ल्याला उतरलो.

रविवारी सकाळी उघडीप होती. अंगण मोजायला घेतलं. टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं, हे मी पाठ करून ठेवलं होतं. घरात मोजायला होता आईचा शिलाईचा टेप, दीड मीटरचा. म्हणजे पंपघरापासून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत मी आठ वेळा वाकलो. हे आठ वेळचं वाकणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. अंगण भरलं जेमतेम ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद. अर्धंसुद्धा नाही. मनातून खट्टू झालो, पण जमीन पाहिली आणि उभारी आली. विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटर उंचीवर कापतात म्हणे. आमच्या अंगणातलं शेवाळ साधारण तेवढंच होतं आणि कापावंही लागत नव्हतं.

नेटला काय लावायचं? माळ्यावर जुनी मच्छरदाणी होती. तिचं एक टोक जिन्याच्या कठड्याला बांधलं, दुसरं माझ्या स्कूटरच्या हँडलला. पहिल्या मजल्यावरच्या काकू दात घासत गॅलरीत आल्या. खाली ताणलेली मच्छरदाणी, दोन भल्यामोठ्या रॅकेट्स, टेप घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात वाकणारा एक माणूस. काकूंनी तोंडातला फेस थुंकून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी वर्दी दिली, ‘अहो, महापालिकेचे मलेरियावाले आलेत! धूर मारणार आहेत, खिडक्या लावा!’ दोन मिनिटांत चारही मजल्यांच्या खिडक्या बंद. एक बरं झालं. पुढचं कुणी पाहिलं नाही, असं मला निदान दुपारपर्यंत तरी वाटत होतं.

चेंडूंचा डबा उघडला. फुस्स! दोन्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. ‘मामा, परत कर!’ परत होत नाही, एकदाच होतं, हे सांगितल्यावर भाच्याचा टेनिसमधला निम्मा रस तिथेच गेला.

आता चेंडूचं एक गणित असतं. २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळलाच पाहिजे, असा नियम आहे. हा नियम लिहिणाऱ्यांनी आमचा भाचा पाहिलेला नाही. त्याची उंची पावणेचार फूट, म्हणजे एकशे चौदा-पंधरा सेंटिमीटर. मी पलीकडून प्रेमाने चेंडू टाकायचो, तो जमिनीवर टप्पा घ्यायचा आणि त्याच्या डोक्यावरून असा जायचा की भाचा मान वर करून त्याला संक्रांतीच्या पतंगासारखा निरोप द्यायचा. रॅकेट त्याने मधोमध दोन्ही हातांनी गिटारसारखी धरली होती. लेकीने तिची रॅकेट केरसुणीसारखी मागे ओढत आणली होती आणि ती मुठीवर काहीतरी चाचपत होती.

‘काय शोधतेस?’

‘बाबा, बटण कुठाय?’

रॅकेटशी शेकहँड करायचा, मनगट असं, खांदा असा, नजर चेंडूवर, असं मी अर्धा तास सांगत होतो. एका पोराचा एक फटका लागत नव्हता. तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरून एक डास भिरभिरत आला. जुलैतला, गुबगुबीत. दोघांनी तो एकाच वेळी पाहिला. लेकीने हळूच एक पाय मागे घेतला, डावा हात वर करून डासाचा अंदाज घेतला, उजवा कोपर कानाच्या वर गेला, आणि शेवटच्या क्षणी मनगटाला असा काही झटका दिला की रॅकेट हवा कापत खाली आली. तो स्मॅश होता. अगदी पुस्तकातला. कुर्ल्यातल्या प्रत्येक घरातलं प्रत्येक पोर संध्याकाळी सात वाजता ज्याचा रोज सराव करतं, तो. डास मात्र त्या तरुणाने सांगितलं होतं तसा भोकातून निसटला.

मग मी गुण सांगायला घेतले. सुरुवात लव्ह-ऑलने. भाच्याला हा शब्द इतका आवडला की तो सकाळी सात वाजता बंद खिडक्यांकडे पाहून ‘लव्ह! लव्ह!’ असा ओरडत सुटला, आणि दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी बोटभर उघडली. लेक अभ्यासू. तिने विचारलं, ‘पहिल्या पॉइंटला किती?’

‘पंधरा.’

‘दुसऱ्या?’

‘तीस.’

‘मग पंचेचाळीस.’

‘नाही, चाळीस.’

ती माझ्याकडे बघत राहिली. पंधराचा पाढा तिला आजीने नुकताच पाठ करून दिला होता. पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस, पंधरा त्रिक पंचेचाळीस. ‘बाबा,’ ती हळू आवाजात, भाच्याला ऐकू जाऊ नये अशी काळजी घेत म्हणाली, ‘तुमचा पाढा चुकला.’ मूळ खेळ फ्रेंचांचा, ते म्हणे घड्याळाच्या काट्यावर मोजायचे, पंचेचाळीसचं चाळीस कधीतरी बोलता बोलता झालं, अशी एक कथा मी तिला ऐकवली. तिचं समाधान झालं नाही. माझंही कधी झालेलं नव्हतं.

गेलेली पत सावरायला मी सर्व्हिस करून दाखवायचं ठरवलं. पंपघराला पाठ लावून उभा राहिलो, चेंडू तीनदा आपटला, कारण टीव्हीवर आपटतात, आकाशात फेकला, पाठीची कमान केली, डोळ्यांत नेमकं ऊन आलं, चेंडू कुठे गेला ते दिसेना, पण हात निघालेला होता, तो थांबेना, पाय विम्बल्डनच्या त्या नैसर्गिक हिरवळीवरून सरकला, रॅकेट हातातून सुटून सरळ मच्छरदाणीत गेली, मच्छरदाणीने स्कूटरला ओढलं, स्कूटर आरशावर आडवी झाली, आणि एवढा वेळ वर असलेला चेंडू शांतपणे येऊन माझ्या डोक्यावर पडला. कमरेत काहीतरी कट्‌ झालं.

उसण भरली.

मी तसाच वाकलेला, नववा टेप मोजत असल्यासारखा. भाच्याने आदराने विचारलं, ‘मामा, हे पण शिकायचंय का?’

एवढ्यात बी विंगची पोरं बॅट घेऊन उतरली. ‘काका, टेनिस बॉल आहे? भारी! चल रे, दोघं पण या, अंडरआर्म, भिंतीला लागला की आऊट.’ मी जिन्याच्या कठड्याला धरून चार पायऱ्या चढून मागे पाहिलं, तर लेक विकेटकीपिंग करत होती आणि भाचा पंपघराशी फील्डिंगला उभा होता. टेनिस सोडून क्रिकेटकडे वळायला सचिनला काही वर्षं तरी लागली असतील. आमच्या दोघांनी ते काम अकरा मिनिटांत उरकलं.

पुढचे आठ दिवस गरम पाण्याची पिशवी आणि मी. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मोटरमन भेटायला आले, म्हणाले, ‘सिग्नल न बघता गाडी काढलीत तुम्ही.’ सौ. मलम चोळत होती. तिच्या हाताच्या जोरावरून तिचं मत कळत होतं. मी म्हणालो, ‘हसू नकोस. पंडिता क्षमा राव ठाऊक आहेत ना? संस्कृतात सत्याग्रहगीता लिहिणाऱ्या. पुण्यात जन्मलेली बाई, इथे मुंबईत टेनिस खेळायची. तिची मुलगी लीला राव. १९३४ साली विम्बल्डनला मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई! टेनिस त्या घरातच होतं. घरात शिकवता येतं.’

‘येतं ना,’ सौ. म्हणाली. ‘त्या आईला खेळता येत होतं.’

आणि पिशवी जरा वर सरकवली.

आडवं पडलेल्या माणसाला वाचण्यावाचून काम नसतं. मोबाइलवर वाचत गेलो तेव्हा कळलं, की सगळ्या जगाने माझ्यासारखंच पोरांना मोठ्यांच्या कोर्टावर उभं करून बरीच वर्षं छळलं, मग शहाणं होऊन नियम केला, की २०१२ पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा नेहमीच्या पिवळ्या चेंडूने खेळवायच्याच नाहीत. आधी लाल, मग नारिंगी, मग हिरवा. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा तीन-चतुर्थांश हळू. दाबला की पावासारखा आत जाणारा. अगदी लहानांना तर सुरुवातीला फुगे देतात. रॅकेट १९ किंवा २१ इंची. आणि लाल चेंडूचं कोर्ट किती मोठं? मी आकडा दोनदा वाचला. लांबी साधारण ११ मीटर, रुंदी साडेपाच.

म्हणजे पंपघर ते वॉचमनची खुर्ची.

धोबीतलावचा तो दुकानदार डोळ्यांपुढे आला. आत गेलेला तो लाल चेंडू आला. ‘हवा गेलीये याची.’ मी कूस बदलायचा प्रयत्न केला आणि उसण उजवीकडून डावीकडे गेली.

त्या तीन चेंडूंचं म्हणाल, तर एक बी विंगच्या छज्ज्यावर आहे. उरलेल्या दोघांना आईने सुरीने चीर पाडली आणि आपल्या वॉकरच्या मागच्या पायांना घातले. वॉकर आता फरशीवर करकरत नाही. घरात टेनिसचा झालेला निखळ फायदा म्हणाल तर तेवढा.

ऑगस्टात लेकीचा वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी रविवार, पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसेना. मी दिवाणावर पाठीला उशी लावून पेपर वाचत होतो. हॉलमध्ये धपाधप आवाज. पेपर खाली केला. दोरीवर ओळीने कपडे, मधोमध माझा बनियन, दोरीच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला भाचा, दोघांच्या हातात बॅटरी मेलेल्या, आईने फेकायला काढलेल्या डास मारायच्या रॅकेट्स, आणि बनियनवरून इकडून तिकडे तरंगत जाणारा वाढदिवसाचा एक गुलाबी फुगा. लेकीने मारला. भाचा दोन पावलं मागे गेला, फुगा खाली येईपर्यंत जीभ बाहेर काढून थांबला, मारला. परत लेक. मी मोजायला लागलो. सात. आठ. नऊ. रॅकेट मुठीत बरोबर, शेकहँडसारखी. नजर फुग्यावर. कुणी काही शिकवलेलं नव्हतं. वॉकर पुढे घेऊन खुर्चीत बसलेली आई पंच होती. ‘पंधरा,’ ती म्हणाली. मग ‘तीस’. मग ‘पंचेचाळीस’.

‘आई, चाळीस,’ मी म्हणालो.

‘चाळीस कशाला? पोरांचे पाच मार्क का कापतोस? साठ झाले की जिंकला.’

लेकीने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही, एवढी तिची सभ्यता.

आता इथे मी पेपर वाचत बसलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण फुगा बनियनवरून हेलकावे खात सरळ माझ्याकडे आला, कमरही महिनाभर गप्प होती, आणि बॅकहँड दाखवण्याची अशी संधी पुन्हा कधी येणार? मी खिडकीतली रॅकेट उचलली.

‘मामा, ती नको!’ भाचा ओरडला. ‘तिचं चार्जिंग आहे!’

फट्ट!

ठिणगी उडाली, आई खुर्चीतून अर्धी उठली, स्वयंपाकघरातून ‘अहो, काय केलंत?’ असा आवाज आला. हॉलमध्ये दोन क्षण शांतता. बनियनवर गुलाबी रबराचा एक तुकडा लोंबत होता. मग दोघांनी टाळ्या वाजवल्या.

‘मामा, परत कर!’

फुगे अजून सहा उरले होते.